जीत

एका आवारात दोन शाळा, मधे कमरेएवढी भिंत.
घंटा मात्र एकच, रुळाचा तुकडा,
लोंढ्याच्या लाइनवरून कधीतरी कुणी आणलेला.
ती वाजली की इकडची पोरं मराठीत पळतात, तिकडची कन्नडात,
आणि नळावर येऊन भांडतात
त्या क्षणी सुचेल त्या भाषेत.

शनिवारच्या धड्यासाठी आम्ही तिघी
अंगणवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून:
कन्नड शाळेच्या शिवलीला हंचिनाळ,
अंगणवाडीची फिलोमिना सिद्दी,
आणि मी.
पुस्तकात गुलामगिरी दोन पानं.
एक जहाज, बाणांचा नकाशा, कापसाचं शेत.
शिवलीलाबाई म्हणाल्या, ह्ये समुद्रापलीकडचं झालं की हो,
आमच्या पोरांना समुद्र म्हणजे गोव्याची सहल.

आधी शब्द ठरवू म्हटलं.
गुलाम दोन्हीकडं चालतो, पत्त्यांतसुद्धा.
मग त्यांनी खडूनं फरशीवर लिहिलं, त्यांच्या गोल अक्षरात,
आणि वाचून दाखवलं: जीत.
मी हसले. आमच्यात जीत म्हणजे जिंकणं.
त्या हसल्या नाहीत.
आमच्यात, म्हणाल्या, उसन्या पैशापायी जे माणूस
दुसऱ्याच्या गोठ्यात जातंय आणि तिथंच म्हातारं होतंय,
त्याच्या राबण्याचं नाव जीत.
आमचा बाप होता. गोकाककडं.
साठ रुपयांवर सोळा वर्षं.

माझी पाळी आली.
मी कुणबीण लिहिलं, बटीक लिहिलं.
जुन्या कागदांत त्यांना किंमत असते,
नाव कधी असतं, कधी नसतं.
आणि आमच्या घरी 'बटकीची' ही शिवी
देवापुढं वात सारतानाही सहज यायची तोंडात.
आम्ही तोत्तु म्हणतो, शिवलीलाबाई म्हणाल्या, तीपण शिवीच.
शिव्यांचा सीमावाद
अजून कुणी कोर्टात नेलेला नाही.

फिलोमिना गप्प, सुपात शेंगदाणे निवडत.
मग म्हणाली, आमच्यात त्याला शब्द नाही बाय.
फिरंग्यानं जहाजातून गोव्यात उतरवलं,
आमची माणसं घाट चढून रानात शिरली.
त्याला आम्ही गुलामी म्हणत नाही.
पळालो, म्हणतो.
धडा तिथनं सुरू करा.

शनिवारी फणसाखाली एकेचाळीस पोरं.
पुढंच बसला होता पाचवीतला इनास,
ज्याच्या केसांना खानापूरच्या स्टँडवर लोक न विचारता हात लावतात,
कुठल्या देशाचा रे, म्हणतात,
आणि तो म्हणतो, गुंजी. फाट्यावर उतरायचं.
शिवलीलाबाई कन्नडात, मी मराठीत,
फिलोमिना तिच्या घरातल्या भाषेत,
जिच्यावर अजून कुठल्या खात्यानं हक्क सांगितलेला नाही.
भिंतीवर बसलेली एक मुलगी म्हणाली,
सुटल्यावर ती माणसं गेली कुठं?
तिघींनी एकमेकींकडं पाहिलं.

टिपणात मी एक गाळलं होतं.

माझ्या माहेरी भरमा होता.
त्याची थाळी गोठ्याच्या कोनाड्यात, पालथी.
आजोबांच्या वहीत त्याचं एक पान होतं,
वर लग्नासाठी दिलेलं भात, खाली बेरीज,
आणि ती बेरीज दरवर्षी थोडी मोठी.
आपला घरचाच, असं सगळे म्हणायचे.
ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर घेऊन
शाळेत तोच सोडायचा,
आणि दाराबाहेर उभा राहून पाढे ऐकायचा, बहुतेक सतराच्या पाढ्यापर्यंत.
एक दिवस तो नव्हता.
मी विचारलं नाही.
त्याचं आडनाव मला माहीत नाही.

हे मी सांगायला लागले.
शिवलीलाबाई कन्नडात करत होत्या, वाक्यामागं वाक्य,
थाळी, कोनाडा, पाढे.
मग मी म्हटलं, त्याला आम्हीच ठेवलं होतं.
त्या थांबल्या.
माझ्याकडं पाहिलं नाही.
मग तेही केलं.
त्यात तो शब्द होता.